क्रीम फाटलं म्हणून चिकन-पालक सोडू नकोस

पहिल्या वेळी बहुतेकांचं फाटतंच. मोठ्या आचेवर कमी फॅटचं क्रीम ओतलं की दुसरं काय होणार! ३० ते ३५ टक्के फॅटचं घे आणि आच अगदी मंद केल्यावरच घाल. लिंबू पिळायचं तर गॅस बंद करून.

पण खरी चव त्याआधीच ठरते. चिकनचे तुकडे टिपून कोरडे कर, पॅन चांगला तापू दे आणि तुकडे ठेवल्यावर चार-पाच मिनिटं हात लावू नकोस. (मला अजूनही राहवत नाही.) खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपणच तळ सोडतो. दोन्ही बाजूंनी भाजून बाजूला काढ. तळाला धरलेला तपकिरी थर फेकायचा नाही! त्यातच लसूण परत, थोडं पाणी किंवा स्टॉक (चिकन किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घाल आणि उलथन्याने खरवड. सॉसची सगळी गंमत तिथेच आहे.

पालक भरपूर घे, आळून एवढासा होतो. मात्र नीट निथळव, नाहीतर सॉस पाणचट. मग क्रीम, मग चिकन परत आत. सर्वांत जाड तुकडा मधोमध ७४ अंश सेल्सिअस झाला की उतरव.