‘व्हील’मधला व्ह आणि ‘व्हॅन’मधला व्ह

प्रश्न असा आहे: ‘व्हॉट्सॲप’ लिहावे की ‘वॉट्सॲप’, आणि इंग्रजीतल्या डब्ल्यू-एच या जोडीचा खरा उच्चार कोणता?

लेखनाचे नंतर बघू. आधी उच्चाराचे, कारण रोज कानावर येणारा ‘व्हीलचेअर’ आता असह्य झाला आहे. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, ‘व्हॅन’सारखा ठणठणीत व्ह काढून लोक ‘व्हील’ म्हणतात. तसे म्हटले की इंग्रजीत त्याचा अर्थ होतो वासराचे मांस! स्पोकन इंग्लिशच्या वर्गांत तर ‘डब्ल्यू-एच दिसले की व्ह म्हणा’ असा नियमच पाठ करून घेतात. नियम चूक आहे.

इंग्रजीचा व्ही दंतोष्ठ्य आहे, दात आणि ओठ यांच्या फटीतून हवा घासत जाते. डब्ल्यूमध्ये दातांचे कामच नाही. ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करा आणि तिथून पुढच्या स्वरावर घसरा: ऊ-ईल. आरशासमोर म्हणून पाहा, दात दिसले की चुकले. आपला मराठी ‘व’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, ना धड घर्षण ना धड चंबू. पण आपल्याकडे ‘केव्हा’, ‘चव्हाण’, ‘जिव्हाळा’ यांतला महाप्राण, म्हणजे हकार मिसळलेला, व्ह तयार होता. इंग्रजी व्हीमधली घासणारी हवा मराठी कानाला हकारासारखी वाटली, म्हणून आपण ‘टीव्ही’ लिहितो आणि हिंदीवाले ‘टीवी’. बंगाल्यांनी तर थेट भ वापरला. व्ही आणि डब्ल्यू लेखनात वेगळे ठेवण्याची ही सोय फार चांगली होती. डब्ल्यू-एचलाही तोच व्ह देऊन आपण ती घालवली.

आता खरी गंमत. जुन्या इंग्रजीत ही जोडी उलटी होती, आधी एच, मग डब्ल्यू, आणि उच्चारही तसाच: ह्व. चहाच्या बशीवर फुंकर घालताना जो श्वास सुटतो तो आधी, चंबूचा व मागून. 1066 मध्ये फ्रान्सातल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर नॉर्मन वळणाच्या लेखनिकांनी अक्षरांची अदलाबदल केली, ध्वनी मात्र तोच राहिला. आणि हा ह आला कुठून? जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, मूळच्या क-चा ह झाला. म्हणून संस्कृत ‘कः’ तिथे ‘हू’. म्हणून ‘श्वेत’ आणि ‘व्हाइट’ भावंडे. आणि म्हणूनच जुन्या इंग्रजीतले ‘ह्वेओल’, म्हणजे आजचे व्हील, हे आपले ‘चक्र’ आहे! ग्रीकमध्ये त्याचेच झाले ‘कुक्लोस’, त्यावरून ‘सायकल’. ‘सायकलचे चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो आणि इंग्रज ‘व्हील’ म्हणतो तेव्हा तिसऱ्यांदा तोच. माझ्या मते डब्ल्यू-एचमधला तो एच म्हणजे आपल्या ‘क’चा उरलेला श्वास आहे.

दक्षिण इंग्लंडच्या बोलीतून हा श्वास गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथले शिकलेले लोकही सरसकट ‘वॉट’, ‘वील’ म्हणू लागले. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात तो अजून ऐकू येतो.

इथे माझे एक ठाम मत आहे. मराठीतला डब्ल्यू-एचचा व्ह हा निव्वळ स्पेलिंगचा परिणाम नव्हे. मुंबईत इंग्रजी शिकवायला आलेल्यांत स्कॉटिश मिशनरी आघाडीवर होते. लॉडर गावचे जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईला आले. त्यांनी 1832 मध्ये काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. स्कॉटिश मास्तर ‘व्हाइट’ म्हणताना आधी ह सोडणारच, आणि मराठी पोराने तो आपल्या ‘केव्हा’तल्या व्ह-मध्ये बसवला. यावर शुद्धलेखनाचे जाणकार ‘घोस्ट’ पुढे करतात (इंग्रज म्हणतो ‘गोस्ट’): बघा, एच दिसला की मराठी माणूस महाप्राण करतो, स्कॉटलंड कशाला हवे? पण मग ‘स्कूल’मधला एच का सुटला? ‘केमिस्ट्री’चा का सुटला? डोळ्यांनी वाचलेल्या एचचीच ही करामत असती तर आपण आज ‘स्खूल’ला गेलो असतो. या जाणकारांनी शब्दकोश जेवढे चाळले तेवढी माणसांची बोली ऐकलेली नाही.

‘व्हिस्की’ मात्र या यादीतून काढा. तो स्कॉटलंड-आयर्लंडच्या गेलिक भाषेतला ‘उश्के’, म्हणजे पाणी, आपल्या ‘उदका’चा नातलग. त्यात मुळात ह कधीच नव्हता, डब्ल्यू-एच मागाहून चिकटवले.

तेव्हा बोलताना ‘वॉट्सॲप’ म्हणा, ओठांचा चंबू करून. स्कॉटिश श्वास जमत असेल तर ‘ह्वॉट्सॲप’ म्हणा, तेही चोख आहे. लिहिताना ‘व्हॉट्सॲप’ रुळले आहे, ते राहू द्या, फक्त दात ओठावर टेकवू नका.