वेबपानात डॉकटाइप (पान कोणत्या नियमांनी दाखवायचं हे ब्राउझरला सांगणारी पहिली ओळ) लिहूनही टेबलमधली अक्षरं लहानच का राहतात?

बॉडीला २० पिक्सेलचा फॉन्ट देऊनही टेबल १६ वरच अडलं असेल, तर पान बहुधा क्वर्क्स मोडमध्ये आहे, म्हणजे ब्राउझर ते जुन्या नियमांनी दाखवतोय. त्या मोडमध्ये टेबल बॉडीचा फॉन्ट-साइझ घेत नाही. १९९० च्या दशकातल्या पानांसाठी ठेवलेली ही सवय. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये डॉक्युमेंटची कॉम्पॅटमोड प्रॉपर्टी पाहा: ‘बॅककॉम्पॅट’ आलं तर क्वर्क्स.

डॉकटाइप असून हे होतं, कारण त्याच्या आधी काहीतरी छापलं जातं, बहुतेकदा पीएचपीची (सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा) वॉर्निंग किंवा विसरलेला एको (मजकूर छापणारी आज्ञा). आधी मोकळी जागा किंवा कॉमेंट चालते, मजकूर नाही. मजकूर आला की पुढच्या डॉकटाइपकडे ब्राउझर दुर्लक्ष करतो. म्हणून फाइल नव्हे, व्ह्यू सोर्समधली (ब्राउझरला मिळालेल्या कोडमधली) पहिली ओळ तपासा. दुरुस्तीनंतर सीएसएसमधली (पानाची सजावट ठरवणारी भाषा) एकक न लिहिलेली ‘विड्थ २००’ सारखी मापं चालेनाशी होतील, तिथे पिक्सेल जोडा.