संकटात भेटलेला देव घरी आल्यावर कुठे गेला?

पत्र : ताई, सप्रेम नमस्कार. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी माझे पती अकरा दिवस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होते. त्या दिवसांत देव माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून आहे, असे मला खरोखर जाणवत होते. नळी काढल्यावर त्यांनी पाणी मागितले. परिचारिकेने परवानगी दिली आणि मी चमच्याने त्यांच्या ओठांना पाणी लावले, तेव्हा घोट गिळताना त्यांच्या घशाची झालेली हालचाल पाहून मी मनातल्या मनात देवाच्या पाया पडले. आज ते ठणठणीत आहेत, कामावर जातात. पण तो देव मला आता कुठेच सापडत नाही. सकाळी प्रार्थनेला बसते आणि मन दिवसभराच्या कामांत फिरून येते. कृतज्ञतेची वही सुरू केली, तर तिच्यात रोज तेच तीन शब्द : कुटुंब, आरोग्य, घर. पतीवर क्षुल्लक कारणावरून चिडते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. त्याच विभागात, त्याच आठवड्यात, माझ्या ओळखीच्या एका बाईंचे पती गेले. त्या समोर आल्या की देवाचे आभार मानायलाही जीभ रेटत नाही. मी कृतघ्न झाले आहे का? देव संकटापुरताच असतो का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी त्या पाण्याच्या चमच्यापाशी थांबले. दीड वर्षानंतरही जिला पाण्याचा एक घोट इतका स्वच्छ आठवतो, ती बाई कृतघ्न नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या शब्दाचे ओझे घेऊन तुम्ही पुढचे वाचू नये, असे मला मनापासून वाटते.

देव त्या अकरा दिवसांत होता तितकाच आजही आहे, अशी माझी श्रद्धा आहे. तेव्हा निराळे होते ते तुमचे लक्ष. त्या खोलीत गृहीत धरण्यासारखे काही उरलेच नव्हते : यंत्रावरचा आकडा, छातीचे वरखाली होणे, दाराबाहेर थांबलेली डॉक्टरांची पावले, यांतले एकही तुमच्या नजरेतून सुटत नव्हते, आणि इतक्या जाग्या माणसाला शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे कळल्याशिवाय राहत नाही. घरी आल्यावर लक्ष सैलावले. ते सैलावणारच होते. त्या तणावात दीड वर्ष काढले असते, तर आज तुम्हीच अंथरुणाला खिळला असता.

मिळालेल्या सुखाची सवय होणे हा मनाचा स्वभावच आहे. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली हे नेमकेपणाने मांडले : चांगले काही घडले की आनंद उसळतो, आणि थोड्याच काळात मन पुन्हा आपल्या नेहमीच्या पातळीवर येऊन बसते. मी स्वतः हे एका मनगटापायी शिकले. हाड मोडले होते, सहा आठवडे प्लास्टर होते, आणि सदऱ्याची बटणे दुसऱ्याकडून लावून घेताना रोज डोळ्यांत पाणी येत असे. प्लास्टर निघाले त्या दिवशी मी वरचे बटण स्वतः लावले, काढले आणि पुन्हा लावले, इतका आनंद झाला होता. आठवडाभरात मी बटणे लावता लावता घड्याळाकडे पाहून करवादू लागले होते. याच सवयीच्या बळावर माणूस मोठ्या दुःखातूनही हळूहळू बाहेर येतो, म्हणून तिला पाप समजू नका. मात्र तिच्यावर विसंबून राहिलो, तर डोळ्यांसमोरचे दिसेनासे होते, हेही खरे.

आता तुमची वही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा कृतज्ञतेवरचा सर्वांत परिचित अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात काही जणांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी जास्तीत जास्त पाच, अशा लिहिल्या. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपले आयुष्य अधिक चांगले वाटले आणि येणाऱ्या आठवड्याबद्दलही ते अधिक आशावादी राहिले. पुढे मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली : आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तर तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही. म्हणजे कृतज्ञतेचीही सवय होऊन तिची धार जाते. तुमच्या वहीत हेच झाले आहे. कुटुंब, आरोग्य, घर हे शब्द इतके मोठे आहेत की त्यांत कोणाचा चेहराच दिसत नाही. तुम्ही चमचा धरला होता तेव्हा ‘आरोग्य’ नावाच्या वस्तूचे आभार मानत नव्हता, एका माणसाच्या गळ्यातून उतरलेल्या एका घोटाचे मानत होता. म्हणून रोजचे लिहिणे थांबवा. आठवड्यातून एकदाच बसा, एकच प्रसंग घ्या, आणि तो कोठे घडला, उजेड कसा होता, कोण काय म्हणाले, हे पानभर लिहा. आभाराचा शब्द आला नाही तरी चालेल.

मिंक्युंग कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यासही मला तुमच्यासाठी महत्त्वाचा वाटतो. आपण जोडीदाराला कसे भेटलो हे लिहिणाऱ्यांपेक्षा, आपली भेट झालीच नसती तर ती कोणत्या कारणाने हुकली असती, हे लिहिणाऱ्यांना आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान वाटले. तुम्ही मात्र हे करताना त्या अतिदक्षता विभागात परत जाऊ नका. पती गेले असते तर, या कल्पनेने मन पुन्हा रक्ताळेल. त्याऐवजी खूप मागे जा. त्या दिवशी दोघांपैकी एक जण घरीच थांबला असता, मध्यस्थाने निरोप विसरला असता, तुम्ही दुसऱ्याच वर्गात, दुसऱ्याच कचेरीत असता, तर? तुमची भेट ज्या लहानशा योगायोगावर तोलून राहिली होती तो एकदा नीट पाहा. ज्याला आपण ‘असतेच’ म्हणतो ते ‘दिलेले’ होते, हे तेव्हा कळते, आणि दिलेले म्हटले की देणाऱ्याकडे नजर जातेच.

प्रार्थनेत मन कामांत फिरून येते, असे तुम्ही लिहिता. मग प्रार्थनाच कामांत का नेऊ नये? नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंना निवांत बसायला वेळ कुठला होता? दळण, कांडण, पाणी भरणे, झाडलोट यांतच त्यांचा दिवस जाई, आणि विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसे, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्या कथेत देव कामाच्या जागी येतो; जनाबाईंना काम टाकून त्याच्याकडे जावे लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे सेवक होते. त्यांना स्वयंपाकघराचे काम नेमून दिले होते आणि त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरीही भांड्यांच्या खडखडाटात, अनेक जण एकाच वेळी काही ना काही मागत असताना, आपल्याला देवाचा सहवास प्रार्थनेच्या वेळेइतकाच लाभतो, असे ते सांगत. हे वाचून कोणालाही वाटेल की त्यांचा स्वभावच तसा असणार, पण तसे नव्हते. पहिली दहा वर्षे आपण फार तळमळीत काढली, हे त्यांनीच एका पत्रात मोकळेपणाने लिहिले आहे. तुमचे तर दीडच वर्ष झाले आहे.

माझी सूचना एवढीच की दिवसातला एक क्षण निवडा, सगळा दिवस नको. संध्याकाळी पती परत येतात, कुलपात किल्ली फिरते, तो आवाज घ्या. तो ऐकू आला की हातातले काम जिथल्या तिथे थांबवा, एक श्वास पूर्ण घ्या आणि मनात म्हणा, ‘आले.’ याहून लांब प्रार्थनेची गरज नाही. काही दिवस नुसती किल्लीच ऐकू येईल, काही दिवस तीही ऐकायची राहून जाईल. राहिली तर स्वतःला बोल लावू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका.

पतीवर चिडण्याची लाज वाटून घेऊ नका. त्या अकरा दिवसांत तुम्ही त्यांच्यावर एकदाही चिडला नसाल, कारण यंत्राला जोडलेल्या माणसावर कोणी चिडत नाही. ओला टॉवेल कुठेही टाकणारा, ऐकूनही न ऐकल्यासारखे करणारा माणूस तुम्हाला परत मिळाला आहे, म्हणून तर चिडायला जागा झाली. चिडा, मग बोलून मिटवा.

मात्र एक विचारून ठेवते. प्रार्थनेप्रमाणेच इतर कशातही गोडी वाटेनाशी झाली असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना अवश्य भेटा. दीर्घ काळजी वाहून झाल्यावर पुष्कळांचे मन असे बसते. त्याचा श्रद्धेच्या उणिवेशी काही संबंध नसतो.

आता त्या बाई. पत्रातला सर्वांत कठीण भाग हाच आहे, आणि तुमचे आभार घशातच अडकतात त्याचे मूळही मला इथेच दिसते. ‘देवाने माझ्यावर कृपा केली’ म्हणताच दुसऱ्या अंगाने ‘तिच्यावर केली नाही’ असे वाक्य उभे राहते, आणि तुमच्यासारख्या बाईला ते उच्चारवत नाही. उच्चारूही नका. देवाने निवड करून एकाला ठेवले आणि दुसऱ्याला नेले, असा हिशेब मांडणारी कृतज्ञता मला कधीच पटलेली नाही. तिच्यात आभारापेक्षा सुटल्याचा निःश्वासच जास्त असतो. तुम्ही आभार मानायचे ते निवडले गेल्याबद्दल नव्हे, तर त्या घोटाबद्दल, त्या परिचारिकेबद्दल, किल्लीच्या आवाजाबद्दल. आणि त्या बाईंच्या वाट्याला जे आले त्याबद्दल त्याच देवापुढे तक्रारही मांडा. जनाबाई विठ्ठलाशी भांडत, त्याला खडसावत, आणि तेही त्यांच्या भक्तीतच मोडत असे. एकाच प्रार्थनेत आभार आणि भांडण दोन्ही मावतात.

त्यांना टाळत असाल तर तसे करू नका. त्यांच्याकडे जा. ‘देवाची इच्छा’ म्हणू नका, आपल्या पतीची प्रकृतीही सांगू नका. त्यांच्या पतींचे नाव घेऊन ‘ते कसे होते, सांगाल का?’ असे विचारा आणि त्या बोलतील तितका वेळ बसून ऐका. पुष्कळदा अशा घरी गेलेल्या माणसाचे नावच कोणी काढत नाही. त्या दिवसांत तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी नव्हती, असे तुम्ही लिहिले आहे; त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आता थोडा वेळ तुम्ही बसा.

आणि ती वही फेकू नका. जुनी पाने तशीच राहू द्या, एक कोरे पान काढा, आणि पाण्याच्या चमच्याविषयी मला जे लिहिलेत ते वाक्य जसेच्या तसे त्यावर उतरवून घ्या.

तुमची,
ताई