खेकड्याच्या शरीरातच अफूसारखी द्रव्यं असतात, मग त्याला जिवंत उकळलं तर दुखत नसेल ना?

नाही, तसा अर्थ निघत नाही. मी कोल्हापुरात प्राणीशास्त्र शिकवतो. मृग बरसला की गगनबावड्याकडची पोरं रात्री बॅटरी घेऊन ओढ्यावर खेकडी धरतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हेच विचारतात.

एन्केफॅलिन हे अफूसारखं काम करणारं द्रव्य ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये डुकराच्या मेंदूतून शोधलं. जेमतेम पाच अमिनो आम्लांची साखळी. पुढे खेकडे, शेवंड यांच्या डोळ्यांच्या देठातही तशी द्रव्यं आढळली. हा देठ म्हणजे नुसता डोळ्याचा दांडा नव्हे. कवच सोलून भिंगाखाली धरा, आत निळसर पांढरी सायनस ग्रंथी चमकते. कात टाकणं, रक्तातली साखर, अंगाचा रंग, अंडाशयाची वाढ, सगळ्याचा कारभार तिथून चालतो. खेकड्याला मेथिओनिन-एन्केफॅलिन, म्हणजे एन्केफॅलिनचाच एक प्रकार, टोचलं की साखर चढते. देठ काढलेल्या खेकड्यात चढत नाही. म्हणजे हे द्रव्य दुखण्यापुरतंच आहे हे गृहीतच चूक. शिवाय खेकड्यात ही द्रव्यं असल्याचे बरेच पुरावे अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक द्रव्य ओळखून धरणारं प्रथिन, चिकटण्यावर उभे आहेत, आणि ती मिळत्याजुळत्या दुसऱ्या साखळीलाही चिकटते.

दुखण्याचं बघायचं तर खेकड्याचं वागणं बघा. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी १९८८ मध्ये चास्मॅग्नॅथस खेकड्याला विजेचा धक्का दिला. तो नांग्या उगारून स्वतःला वाचवायला बघतो. मॉर्फिन हे अफूतलं वेदनाशामक दिल्यावर ते कमी झालं, मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन दिल्यावर परत आलं. मॉर्फिनने तो नुसता सुस्तावला असेल, ही शंका रास्त आहे. पण त्याला काही जाणवतच नाही, असं यातून अजिबात म्हणता येत नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंड यांना संवेदनक्षम प्राण्यांत धरलं, ते मला पटतं.

आपल्याकडे रश्श्यासाठी जिवंतपणीच नांग्या मोडतात. मी लहानपणी मोडल्यात, आता हात धजत नाही. खेकड्याचं चेताकेंद्र एका जागी नसतं: एक गाठ डोळ्यांच्या मागे, दुसरी मोठी पोटाच्या झाकणाखाली. आधी भरपूर बर्फात ठेवा. पाय ढिले पडले, डोळ्याला हात लावला तरी देठ आत घेत नाही, असं झालं की झाकण उचलून टोकदार सुरी आरपार घाला, मग डोळ्यांमागे. नांग्या त्यानंतर मोडा.