शेक्सपिअरच्या काळातील नाटकांत कृष्णवर्णीय पात्रे कशी रंगवली जात? ‘ऑथेल्लो’ला वर्णद्वेषी नाटक म्हणता येईल का?

आपला प्रश्न ‘ऑथेल्लो’विषयी असला, तरी मी त्याआधीच्या ‘टायटस अँड्रॉनिकस’पासून (छापील आवृत्ती 1594) सुरुवात करते, कारण वर्णाचा प्रश्न तिथे उघडपणे विचारलेला आहे.

त्या नाटकातला आरॉन हा मूर, म्हणजे त्या काळच्या इंग्रजांच्या लेखी आफ्रिकेतला काळ्या वर्णाचा माणूस. तो एकामागून एक दुष्कृत्ये घडवून आणतो आणि काळा रंग हा सैतानाचा रंग, ही जुनी समजूत त्याच्या रूपाने जशीच्या तशी रंगभूमीवर उभी राहते. मात्र चौथ्या अंकात रोमच्या सम्राज्ञीला त्याच्यापासून झालेले मूल घेऊन दाई येते, बेडकासारखे किळसवाणे म्हणून त्याची संभावना करते आणि खंजिराने त्याचा निकाल लावावा असा आईचा निरोप सांगते, तेव्हा काळा रंग एवढा हीन आहे का, असे आरॉन तिलाच विचारतो. सम्राज्ञीचे मुलगे बाळाला मारायला सरसावल्यावर तो तलवार उपसतो आणि कोळशासारखा काळा रंगच श्रेष्ठ, कारण त्यावर दुसरा रंग चढत नाही, असे ठणकावतो. गुपित फुटू नये म्हणून थोड्याच वेळात हाच बाप त्या दाईला ठार करतो. त्याच्या क्रौर्यावर नाटक कुठेही पांघरूण घालत नाही, पण त्याच्या प्रश्नाला संपूर्ण नाटकात कोणी उत्तरही देऊ शकत नाही.

हे शब्द उच्चारणारा नट मात्र काळा रंग लावलेला गोरा इंग्रज होता. इंग्लंडमध्ये काळी माणसे नव्हती, असे मुळीच नाही. 1507 साली राजदरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवादक रोज 8 पेन्स वेतनावर होता, आणि 1596 साली राणी एलिझाबेथच्या दरबारातून निघालेल्या पत्रात असे लोक देशात आधीच फार झाले असल्याची तक्रार आहे. तरीही नाटकातला काळा माणूस रंगाने घडवला जाई, आणि हा रंग धुऊन जातो की नाही, हा त्या काळच्या रंगभूमीचा आवडता विषय होता.

6 जानेवारी 1605 रोजी व्हाइटहॉल राजवाड्यात बेन जॉन्सनने लिहिलेला एक नृत्यनाट्यप्रयोग झाला. त्यात स्वतः राणी ॲन (राजा जेम्सची पत्नी) आणि तिच्या सख्या नायजर नदीच्या काळ्या कन्या झाल्या होत्या आणि आपल्याला गोरे करणारा देश शोधत त्या ब्रिटनला पोहोचतात, अशी कल्पना होती. त्यांनी मुखवटे न घालता तोंडाला आणि कोपरापर्यंत हातांना रंग लावला होता. डडली कार्लटन या प्रेक्षकाला ते मुळीच रुचले नाही. स्पेनच्या राजदूताने राणीच्या हाताचे चुंबन घेतले, तेव्हा त्याच्या ओठांवर डाग उमटण्याचा धोका होता, असे कार्लटनने पत्रात नोंदवले आहे. त्या कन्यांचे गोरे होणे 1608 सालच्या पुढील भागापर्यंत लांबले.

त्याच राजवाड्यात जेमतेम दोन महिने आधी, 1 नोव्हेंबर 1604 रोजी, ‘ऑथेल्लो’चा प्रयोग झाला होता. पहिल्या दोन प्रवेशांत नायकाचे, म्हणजे व्हेनिसच्या मूर सेनापतीचे, नाव कोणीही घेत नाही; त्याच्या हाताखालचा कपटी अधिकारी इयागो आणि इयागोचा साथीदार रॉडरिगो त्याला जाड ओठांचा, म्हातारा काळा मेंढा अशी दूषणे देतात. त्याला प्रथम नावाने हाक मारतो तो व्हेनिसचा ड्यूक, आणि तोही पुढे त्याची स्तुती करताना तुमचा जावई काळ्यापेक्षा गोराच अधिक आहे, असे सासऱ्याला सांगतो. मला या स्तुतीचा शिव्यांपेक्षा जास्त त्रास होतो, कारण सद्गुण म्हणजे गोरेपणा हे ती सहज गृहीत धरते. म्हणून त्या समाजाचा वर्णद्वेष या नाटकात निश्चितच आहे, पण तो माणसाच्या आत कसा शिरतो हेही शेक्सपिअर त्यातच दाखवतो, असे माझे मत आहे. तिसऱ्या अंकात, पत्नीच्या निष्ठेविषयी इयागोने संशय पेरल्यावर, रोमन देवी डायनाच्या मुखासारखे निर्मळ असलेले नाव आता माझ्याच चेहऱ्यासारखे काळे पडले, असे ऑथेल्लो स्वतः म्हणतो. आरॉनने ज्या रंगासाठी तलवार उपसली, तोच रंग ऑथेल्लोला कलंकासारखा वाटू लागतो, आणि इयागोची सरशी मला त्या पत्नीचा रुमाल वापरून त्याने रचलेल्या कारस्थानापेक्षा या एका वाक्यात अधिक दिसते.