पहिल्या पानाची हमी आणि रिपोर्टमधले हिरवे बाण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

एसईओ (वेबसाइट गूगलच्या शोधात वर दिसावी यासाठीचं काम) आणि ऑनलाइन जाहिरातींबद्दल आलेली बहुतेक पत्रं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या छोट्या व्यावसायिकांची आहेत. सगळ्यांची तक्रार साधारण एकच. दर महिन्याला एजन्सीचा पीडीएफ येतो, त्यात हिरवे बाण वर चढलेले असतात आणि गल्ल्यात काही फरक पडत नाही. म्हणून या वेळी संज्ञा समजावताना तो आकडा नेमकं कोण मोजतं, हेही सांगतो आहे.

भोसरीत आमचं सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवरच्या) जॉबवर्कचं युनिट आहे. रिपोर्टमध्ये इम्प्रेशन ४८,०००, क्लिक ३१०, सीटीआर ०.६५ टक्के आणि ॲव्हरेज पोझिशन २३ लिहिलंय. हे चांगलं की वाईट?

हे चारही आकडे गूगल सर्च कन्सोल या, वेबसाइटच्या मालकाला तिचा शोधातला हिशेब दाखवणाऱ्या साधनातले, म्हणजे खुद्द गूगलने मोजलेले आहेत. तिथे खोटेपणाला फारशी जागा नाही. गोंधळ होतो तो अर्थ लावताना.

इम्प्रेशन म्हणजे कुणीतरी काही शोधलं आणि निकालाच्या पानावर तुमची लिंक होती. त्या माणसाने खाली तुमच्यापर्यंत स्क्रोल केलं नाही, तरी ते मोजलं जातं. त्यामुळे ‘४८ हजार लोकांनी तुम्हाला पाहिलं’ असं कुणी सांगितलं तर ते धरू नका. क्लिकला इम्प्रेशनने भागून शंभराने गुणलं की सीटीआर.

यातला सगळ्यात फसवा आकडा ॲव्हरेज पोझिशनचा, म्हणजे सगळ्या शोधांतल्या तुमच्या क्रमांकांच्या सरासरीचा. तुमच्या कंपनीचं नाव शोधलं तर तुम्ही पहिले येणारच. ‘सीएनसी म्हणजे काय’ या शोधात तुम्ही साठावे असाल. दोन्ही मिळून सरासरी तेवीसच्या आसपास आली, तरी तेविसाव्या जागी तुम्ही कदाचित एकाही शोधात नसाल. गंमत म्हणजे नव्या चार शब्दांवर तुम्ही सत्तराव्या जागी दिसायला लागलात, की काम पुढे सरकलेलं असूनही सरासरी बिघडते.

सर्च कन्सोलमध्ये ‘क्वेरीज’ची यादी उघडा आणि तुमच्या कंपनीचं नाव असलेले शोध फिल्टरने वगळा. याला ब्रँडेड शोध बाजूला काढणं म्हणतात. उरलेल्यांत ‘सीएनसी म्हणजे काय’वर अडीचशे क्लिक असतील, तर ती डिप्लोमाची मुलं आहेत, त्यांच्याकडून ऑर्डर येणार नाही. ‘व्हीएमसी जॉबवर्क भोसरी’वर (व्हीएमसी हे सीएनसी यंत्रच) महिन्याला बारा क्लिक असतील, तर त्यात चाकणच्या एखाद्या कारखान्याचा परचेसवाला असू शकतो. एजन्सीला या बाराचे वीस कसे होतील ते विचारा. आणि तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा हिशेब ठेवतं, तो त्यासाठीच उपयोगी पडतो.

कोथरूडमध्ये माझा कथकचा क्लास आहे. एकजण म्हणतो, ‘५०० बॅकलिंक देतो, डीए ३० करतो, पंधरा दिवसांत पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी.’ पैसे देऊ का?

नको.

दुसऱ्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना १९९८ साली मांडलेली पेजरँकची कल्पना यावरच उभी होती. प्रत्येक लिंक म्हणजे एक मत, आणि ज्या पानाला स्वतःला जास्त मतं त्याच्या मताला वजन जास्त. मतांना किंमत आली म्हटल्यावर ती विकत घेणारे आणि विकणारेही आले. २०१२ साली गूगलने पेंग्विन हा बदल आणला तो याच धंद्याला लगाम घालायला. आज अशा घाऊक लिंका गूगल बहुतेक वेळा मोजतच नाही, आणि प्रकरण वाढलं तर वेबसाइटवर कारवाईही होते.

डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. १ ते १०० असा हा आकडा मोझ नावाची खासगी कंपनी स्वतःच्या हिशेबाने काढते. क्रमवारी लावताना गूगल तो वापरत नाही. म्हणजे ज्या परीक्षकाकडून निकाल लागायचा, तो बघतही नाही असे गुण वाढवून द्यायचे तुमच्याकडून पैसे.

राहिली गॅरंटी. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही तिथेच आहे. पंधरा दिवसांत पहिलं पान दाखवायची युक्ती सोपी असते. कुणीच शोधत नाही असा लांबलचक शब्दसमूह निवडायचा, किंवा तुमच्या क्लासचंच नाव. त्यामुळे नेमका कोणता शोध, महिन्याला किती लोक तो करतात आणि क्रमांक कुणाच्या फोनवर पाहिला, एवढं विचारा.

तुम्हाला खऱ्या लिंका मिळतील त्या कामातून. ज्या शाळेत कार्यशाळा घेतलीत तिची वेबसाइट, ज्या महोत्सवात विद्यार्थिनी नाचल्या त्याचं पान, एखाद्या वर्तमानपत्राच्या ऑनलाइन आवृत्तीतली बातमी. अशा पाच लिंका मिळाल्या तरी पुष्कळ.

नारायण पेठेत आमचं मसाल्यांचं दुकान आहे. मॅपवर बाणेरचं दुकान आमच्या वर दिसतं. काय करावं?

आधी बघा, तुम्ही कुठे उभं राहून शोधलंत. मॅपसोबत दिसणाऱ्या त्या तीन नावांना लोकल पॅक म्हणतात. गूगल त्यासाठी तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. वाकडमधल्या माणसाला बाणेर जवळ पडतं, तिथे तुमचं काही चालणार नाही. पेठेत उभं राहूनही बाणेरच वर येत असेल, तर मात्र मॅपवरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीत, म्हणजे बिझनेस प्रोफाइलमध्ये लक्ष घालायला हवं. जुनी मंडळी अजून ‘गूगल माय बिझनेस’ म्हणतात ते हेच, २०२१ पासून नाव बदललं.

मुख्य कॅटेगरी बरोबर आहे का बघा. किराणा आणि मसाले यांत फरक पडतो. नाव पाटीवर आहे तेवढंच लिहा. नावापुढे ‘बेस्ट मसाला शॉप इन पुणे’ जोडणं नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं. आणि वेळ खरी टाका. दुपारी १ ते ४ बंद असतं ना? एका दिवसात दोन वेळा भरायची सोय आहे, ती वापरा. भर उन्हात आलेलं गिऱ्हाईक बंद शटर बघून एक तारा देऊन जातं आणि त्यात त्याची चूक नसते.

विकतचे रिव्ह्यू किंवा ‘रिव्ह्यू द्या, दहा टक्के सूट घ्या’ हे दोन्ही गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. बिल देताना सगळ्यांनाच सांगा, फक्त खूश दिसणाऱ्यांना नको. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्या, पण पेठी टोमणा आवरून.

वेबसाइटवाल्याने ‘मेटा कीवर्ड’मध्ये दोनशे शब्द घातलेत आणि त्याचं वेगळं बिल लावलंय.

मेटा कीवर्ड म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी. गूगल हा टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय. बिल परत करा. टायटल आणि मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे शोधाच्या निकालात दिसणारं शीर्षक आणि त्याखालचं वर्णन, या गोष्टी वेगळ्या, त्यांवर मेहनत घेतली असेल तर पैसे द्या.

हडपसरला एसी दुरुस्तीचं काम करतो. गूगल ॲड्सवर महिन्याला १५,००० जातात. ६०० क्लिक आले, २४ फोन आले, कामं ९ मिळाली. एका सर्व्हिसिंगचे ७०० घेतो. एजन्सी म्हणते सीपीसी फक्त २५ रुपये, कन्व्हर्जन १८०, कॅम्पेन जोरात आहे.

सीपीसी म्हणजे एका क्लिकचा खर्च. तो २५ आहे हे खरं. पण एका फोनमागे ६२५ रुपये पडले, ही तुमची लीडची, म्हणजे एका चौकशीची किंमत. एका कामामागे सुमारे १,६६७ पडले, ही सीपीए, म्हणजे एक गिऱ्हाईक मिळवण्याची किंमत. ९ कामांचे ६,३०० आले, त्याला १५,००० ने भागलं की ०.४२, याला रोआस म्हणतात. रुपया घालून बेचाळीस पैसे परत. आणि डॅशबोर्डवरच्या खर्चात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो, तो मिळवला की १७,७०० होतात. ही गिऱ्हाइकं वार्षिक करार करत असतील तर गणित बदलेल, नाहीतर कॅम्पेन जोरात आहे ते फक्त गूगलसाठी.

मग १८० कन्व्हर्जन आली कुठून? कन्व्हर्जन म्हणजे काय मोजायचं हे ज्याने खातं लावलं तोच ठरवतो. ‘संपर्क’ पान उघडलं की एक कन्व्हर्जन, असं कुणी लावून ठेवलेलं असू शकतं. सेटिंग उघडायला सांगा आणि फोन व फॉर्म एवढंच मोजायला लावा.

आता ‘सर्च टर्म्स’ हा रिपोर्ट मागा. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केल्यावर तुमची जाहिरात दिसली, त्याची ती यादी असते. तुमच्या धंद्यात त्यात हमखास सापडणारी नावं सांगतो: एसी रिपेअरिंग कोर्स, एसी टेक्निशियन पगार, एसी रिमोट किंमत, कंपनीचा कस्टमर केअर नंबर. यांतल्या प्रत्येक क्लिकचे पैसे तुम्ही भरताय. कोर्स, पगार, नोकरी, रिमोट, कस्टमर केअर हे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाका, म्हणजे ते असलेल्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. कीवर्ड ‘ब्रॉड मॅच’वर असतील तर ‘फ्रेज मॅच’वर आणा. ब्रॉडमध्ये गूगल जवळपासच्या अर्थाचे शोधही पकडतं, आणि छोट्या बजेटला ते परवडत नाही. लोकेशनचं सेटिंगही बघा. तिथे पुण्यात असलेले आणि पुण्यात रस दाखवणारे असे दोन्ही लोक आपसूक धरलेले असतात. नागपुरात बसलेल्याचा एसी तुम्ही दुरुस्त करणार नाही, तेव्हा फक्त हजर असलेलेच ठेवा.

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचं दुकान आहे. नवी वेबसाइट केली आणि गूगलवरून गायबच झालो.

गूगलचा बॉट पानं वाचत फिरतो ते क्रॉलिंग. वाचलेलं पान साठ्यात घेतलं की इंडेक्सिंग. साठ्यात नसलेलं पान शोधात येत नाही.

तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’मध्ये जा. सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट तिथे असते. साइट तयार होत असताना डेव्हलपर ती टिक करून ठेवतात आणि साइट सुरू करताना काढायचं विसरतात. त्याने सगळ्या पानांवर ‘नोइंडेक्स’, म्हणजे हे पान साठ्यात घेऊ नको अशी सूचना, लागतं. टिक काढा आणि सर्च कन्सोलमधून मुख्य पानं पुन्हा तपासायला पाठवा.

दुसरी शक्यता पत्ते बदलल्याची. जुन्या साइटवर प्रत्येक पुस्तकाच्या पानाचा जो पत्ता होता, तो आता ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दाखवत असेल. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण देणारे, लावावे लागतात, आणि तेही त्याच पुस्तकाच्या नव्या पानाकडे. आळसापोटी सगळे होमपेजकडे वळवले तर गूगल ते पान सापडलं नाही असंच धरू शकतं. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा.

घरगुती दिवाळी फराळ करतो. पान मराठीत लिहावं की इंग्रजी अक्षरांत? लोक तर रोमनमध्येच टाइप करतात.

देवनागरीत लिहा. टायटलमध्ये रोमन अक्षरांतला एखादा शब्द घातला तरी चालेल, पण सबंध मजकूर दोनदा लिहू नका. लिपीपेक्षा सर्च इंटेंट महत्त्वाचा, म्हणजे शोधणाऱ्याला हवंय काय. ‘चकली रेसिपी’ शोधणारी बाई स्वतः चकली करणार आहे. ‘फराळ घरपोच कोथरूड’ किंवा ‘अमेरिकेत दिवाळी फराळ पाठवणे पुणे’ शोधणारा पैसे घेऊन बसलाय. असे लांब, नेमके शोध म्हणजे लाँग टेल कीवर्ड. शोधणारे कमी, पण कामाचे. परदेशी पाठवत असाल तर त्याचं स्वतंत्र पान करा: कोणते जिन्नस टिकतात, किती किलोला काय दर, शेवटची तारीख कोणती.

हे पान गणपतीच्या आधीच वर गेलेलं असू द्या. वसुबारसेला टाकून उपयोग नाही. दरवर्षी नवं पानही करू नका, त्याच पत्त्यावर दर आणि तारखा बदला. दरपत्रक नुसतं फोटोत न टाकता टाइप करा. मजकूर डीटीपीवाल्याकडून आला असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या प्रमाण अक्षरांत, आहे ना बघा. जुन्या फॉन्टमधली चकली वेबसाइटवर भलत्याच अक्षरांत उमटते आणि गूगललाही ती कळत नाही.

आता ‘जीईओ’ पॅकेज घ्या म्हणतात, एआयच्या उत्तरांत नाव येण्यासाठी. घ्यावं का?

भारतात गूगलच्या शोधात एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर दिसणारी एआयने लिहिलेली उत्तरं, २०२४ मध्ये आली. उत्तर तिथेच मिळाल्याने क्लिक न करता निघून जाणारे, म्हणजे झिरो क्लिक शोध, माहितीपर पानांना जाणवतात. पण त्यात दिसण्यासाठी वेगळं काही लागत नाही, नेहमीचा एसईओच लागतो, असं गूगल म्हणतं. वेगळं पॅकेज विकणाऱ्याला विचारा, मोजणार कशाने? सर्च कन्सोलमध्ये ती इम्प्रेशन नेहमीच्या वेब शोधातच मिसळलेली असतात.

एजन्सी बदलायची आहे. पण सगळं त्यांच्याच नावावर आहे.

डोमेनपासून, म्हणजे वेबसाइटच्या नावापासून सुरुवात करा. ते कुणाच्या ईमेलवर नोंदलंय ते काढा आणि तुमच्या खात्यात हलवून घ्या. त्यासाठी ट्रान्सफरचा कोड लागतो, तो लेखी मागा. डोमेन हातात आलं की डीएनएसमधून (डोमेनच्या सेटिंगमधून) सर्च कन्सोलची मालकी तुम्हाला स्वतः सिद्ध करता येते. बिझनेस प्रोफाइलसाठी मालकीची विनंती पाठवायची सोय आहे. ॲनालिटिक्स, म्हणजे वेबसाइटवर आलेल्यांची मोजणी करणारं गूगलचं साधन, त्याचं मात्र तसं नाही. तिथे आधीच्या ॲडमिननेच तुम्हाला आत घ्यावं लागतं, नाहीतर नव्याने सुरू करायचं आणि जुना हिशेब गेला. म्हणून आधी गोडीत ॲडमिन ॲक्सेस मागून घ्या, आणि मगच शेवटच्या बिलाचं बोलणं काढा.