फायबरच्या नावेला घरच्या घरी रंग कसा द्यावा? ऑइल पेंट चालेल का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की हतनूर धरणाच्या पाण्यात चालणारी संस्थेची फायबरची नाव पांढुरकी पडलीय, हात फिरवला की भुकटी लागते, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की ऑइल पेंट मारायचा विचार आहे. मारता येईल, पण तो टिकणार नाही. सतत पाण्यात राहून बुडाचा ऑइल पेंट मऊ पडतो, फुगतो आणि पापुद्रे सुटतात. मे महिना तर नकोच, त्याचं पुढे सांगतो.

मी भुसावळकडे फायबरचीच कामं करतो. टाक्या, कूलरच्या बॉड्या, अधूनमधून एखादी नाव. ती भुकटी म्हणजे उन्हानं जळालेला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, आतला माल बहुधा शाबूत असतो. खात्री करायची तर लाकडी दांड्यानं सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं तर तिथे थर सुटलेत, आधी ती दुरुस्ती.

रंग सुटतो तो बहुतेक वेळा रंगामुळे नाही, खालच्या मेणामुळे आणि तेलामुळे. नाव साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं, वर पुढे डिझेल आणि माशांचा चिकटपणा. म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी भांड्याच्या साबणानं घासून धुवा, वाळवा, मग थिनरनं पुसा. दोन फडकी लागतात: एक थिनरमध्ये भिजवलेलं, आणि थिनर उडून जायच्या आत लगेच फिरवायला दुसरं कोरडं. एकच फडकं फिरवत राहिलात तर मेण निघत नाही, पसरतं. नंतर वरून पाणी ओता. एकसारखं पसरलं तर साफ, थेंब जमले तर पुन्हा पुसा. हे न करता घासायला बसलात तर तेच मेण ओरखड्यांत भरतं, आणि मग कितीही महागाचा रंग आणा.

बुडाला ८० नंबरनं सुरुवात करा, वर १२०, शेवटी २२०. कुठेही चकाकी राहायला नको. धुळीचा मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, फायबरची खाज रात्रभर झोपू देत नाही. काम झालं की आधी थंड पाण्यानं अंग धुवायचं.

खड्डे भरायला गॅरेजवाले गाडीची लांबी देतील. पाण्याच्या रेषेच्या वर ती चालते, खाली नाही, कारण ती पाणी पिते. बुडाला इपॉक्सीची लांबीच भरा. गाळातून, खडकावरून ओढून तुमच्या नावेचा कणा झिजला असणार, तिथे मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणि रेझिन (ती घट्ट करणारा पातळ राळेसारखा माल) यांचा एक जादा थर द्या. हे काम इपॉक्सीच्या आधी उरका, कारण इपॉक्सीवर साधं पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: आपल्याकडे रेझिनबरोबर कोबाल्ट (जमणं वेगात करणारं) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं) वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. हे दोन थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, मग हार्डनर. हार्डनर टाकताना डोळ्यांवर चष्मा हवा, एक थेंब डोळ्यात गेला तरी नजर जाऊ शकते.

रंग म्हणाल तर दोन डब्यांचा (रंग आणि हार्डनर वेगळे, लावताना मिसळायचे) इपॉक्सी प्रायमर, दोन हात. त्यावर दोन डब्यांचा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन रंग, दोन-तीन पातळ हात. एकानं लहान रोलर फिरवायचा, दुसऱ्यानं मागोमाग कोरड्या ब्रशचं नुसतं टोक. दोन हातांमध्ये किती वेळ सोडायचा ते डब्यावर असतं, तेच पाळा. गॅरेजवाला पेंटर स्प्रे मारून देतो म्हणेल. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याची वाफ छातीला कायमचा दम्याचा त्रास लावू शकते आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. घरच्या घरी ब्रश-रोलरच बरा, तोही मोकळ्या हवेत.

आता मे महिना. आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, उन्हातल्या नावेला तर हात लावत नाही. रंग सपाट बसायच्या आतच थिनर उडतो, ब्रशच्या रेघा तशाच राहतात, बारीक भोकं पडतात, वर दुपारच्या वाऱ्याची धूळ. फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात गाठा. सकाळी दव वाळलं की सुरू करा, अकराच्या आत आवरा. संध्याकाळी नको, ओल्या पीयूवर दव पडलं की चकाकी गेलीच. मे टळतच नसेल तर पत्र्याच्या नाही, ताडपत्रीच्या सावलीत, उजाडता उजाडता, आणि सावकाश उडणारा थिनर मागून घ्या. कडुलिंबाखाली नाव ठेवू नका, चैत्रात मोहोर झडतो आणि सगळा रंगाला चिकटतो.

समुद्राच्या नावांना लावतात तो तांब्याचा रंग दुकानदार पुढे करेल. तो शिंपल्यांसाठी असतो, गोड्या पाण्यात गरज नाही. त्यातलं तांबं पाण्यात उतरतं, आणि त्याच पाण्यातले मासे आपण विकतो. वरचा रंग पांढरा किंवा फिका निळा घ्या, गडद रंगानं फायबर फार तापतं.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर पाणी लागू देऊ नका. आणि आतला तळ गुळगुळीत ठेवू नका. दुसरा हात ओला असताना त्यावर चाळलेली कोरडी बारीक वाळू भुरभुरा, वाळल्यावर सुटी वाळू झाडून तिसरा हात द्या. जाळं ओढताना पाय सरकणार नाही.